विलासनौकेवरील जीवन आणि खलाशांची भाषा : श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरून एक विवेचन

१. विषयप्रवेश

बोलीचा अभ्यासक सामान्यतः एखादे गाव, एखादी जात किंवा एखादे नदीचे खोरे डोळ्यांपुढे ठेवून कामास लागतो. जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीस वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोळी, बाणकोटी, संगमेश्वरी इत्यादी बोलींची नोंद झाली. पुढे १९६० नंतरच्या दशकात डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींची जी पाहणी हाती घेतली, तीत महाडच्या कुणबी बोलीचा स्वतंत्र अभ्यास झाला. या सर्व बोलींना पायाखाली जमीन आहे. त्यांचे भाषक जेथे जन्मतात तेथेच बहुधा आपली भाषा शिकतात, आणि तेथेच ती पुढच्या पिढीच्या हाती देतात. परंतु जेथे कोणी जन्मत नाही, जेथे निरनिराळ्या प्रांतांची माणसे केवळ करारापुरती एकत्र येतात आणि करार संपताच पांगतात, अशा ठिकाणी जी भाषा घडते तिचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. जहाज हे असे ठिकाण होय.

प्रस्तुत लेखात विलासी प्रवासी जहाजावरील जीवनाचा, त्याच्या वाटेवरील बंदरांचा आणि त्या जीवनाला बांधून धरणाऱ्या खलाशी भाषेचा परिचय करून द्यावयाचा आहे. विवेचनासाठी श्रीवर्धनचा किनारा आधारभूत धरला आहे. याचे कारण असे की, ज्या समाजांनी ही भाषा बोलून मोठमोठी जहाजे चालविली, त्यांपैकी एका समाजाची घरे याच किनाऱ्यावर आहेत. श्रीवर्धन, म्हसळे, मुरूड या भागांतील अनेक कोकणी मुसलमान कुटुंबांत जहाजावरील नोकरीची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

२. ‘उतारू’ आणि ‘क्रूझ’

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठी किनाऱ्यावर जहाजाने जाणाऱ्या माणसास ‘उतारू’ म्हणत. ‘उतरणे’ या धातूच्या मुळाशी संस्कृतातील ‘उत् + तॄ’, म्हणजे पाणी ओलांडून पलीकडे जाणे, हा अर्थ आहे. उतारूला पैलतीर असतो, आणि त्या तीरावर त्याचे काही काम असते. ‘क्रूझ’ या शब्दाचे मूळ डच भाषेत आहे. ‘क्रॉइसन’ म्हणजे आडवेतिडवे फिरणे, एकाच समुद्रात येरझारा घालणे. क्रूझवरील माणूस बहुधा ज्या धक्क्यावरून निघतो त्याच धक्क्यावर परत येतो. त्याला कोठे पोहोचावयाचे नसते. या अर्थाने तो ‘उतारू’ नव्हे. आपल्या ‘पर्यटन’ शब्दातील ‘परि + अटन’, म्हणजे सभोवार हिंडणे, ही कल्पना त्याला अधिक लागू पडते. मराठीने ‘क्रूझ’ हा शब्द जसाच्या तसा उचलला याचे एक कारण हेच असावे. ‘बोट’, ‘गलबत’, ‘तारू’ या शब्दांना जोडलेला ‘कोठेतरी जाणे’ हा अर्थ नव्या वस्तूला नको होता.

ही नवी वस्तू फार जुनी नाही. ‘पी. अँड ओ.’ या ब्रिटिश कंपनीने १८४४ साली भूमध्य समुद्रातील सहलींची तिकिटे विकली. केवळ सहलीसाठीच बांधलेले पहिले जहाज म्हणून ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ या जर्मन जहाजाचा उल्लेख केला जातो. ते १९०० साली पाण्यात उतरले. तोपर्यंत, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, विलासी जहाज म्हणजे टपाल, सैनिक, अधिकारी आणि माल वाहणारे जहाजच असे. १९६१ साली पहिल्या सफरीस निघालेले ‘कॅनबेरा’ हे जहाजही मुळात इंग्लंड-ऑस्ट्रेलिया वाहतुकीसाठी बांधलेले होते. विमानांनी उतारू पळविल्यानंतर, १९७४ पासून ते पूर्णपणे सहलींसाठी वापरण्यात आले आणि १९९७ पर्यंत चालले.

३. किनारा आणि त्याची नावे

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भट यांचे मूळ गाव म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. तथापि पेशवाईच्या आधीपासून ते एक बंदर होते. जुन्या युरोपियन प्रवाशांच्या लेखनात त्याचे नाव ‘झिफर्दन’ असे येते. परकी कानाने ऐकलेल्या नावात ‘श्र’ या जोडाक्षराचे काय होते, याचे हे एक चांगले उदाहरण आहे. १९४८ साली विलीनीकरण होईपर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानात होता. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझीरा’, म्हणजे बेट, यापासून आला. या मुलखाचे दुसरे नाव ‘हबसाण’ असे होते, आणि ते ‘हबश’, म्हणजे अबिसीनिया, या देशनामावरून पडले. दक्षिणेस हरिहरेश्वरापलीकडे सावित्री नदी समुद्रास मिळते. तिच्या पैलतीरी बाणकोट आहे, आणि त्याच नावाने ग्रीअर्सनने एका बोलीची नोंद केली आहे. अशा रीतीने, गावातून पाऊल बाहेर न टाकताही येथील माणसाच्या कानांवर अरबी, फारसी आणि आफ्रिकी भूगोलाची नावे पडत होती.

याच किनाऱ्याने पोर्तुगीज आरमाराचेही शब्द ऐकले. ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’पासून आला. ‘पगार’ हे तर मुळात पोर्तुगीज क्रियापद असून त्याचा अर्थ ‘देणे चुकविणे’ असा आहे. हे दोन्ही शब्द आज इतके घरगुती झाले आहेत की त्यांना परके म्हणताना जीभ अडखळते.

४. जहाजावरील तीन विभाग

पी. अँड ओ. कंपनीच्या प्रवासी जहाजांवरील नोकरवर्गाची विभागणी ठराविक असे. डेकवर, म्हणजे दोर, नांगर, रंगकाम आणि सुकाणू या कामांवर, रत्नागिरी-कुलाबा पट्ट्यातील कोकणी मुसलमान आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील खलाशी असत. इंजिनखान्यात प्रामुख्याने पंजाब व सरहद्दीकडील माणसे असत. जेवणघर, मुदपाकखाना आणि प्रवाशांच्या खोल्या यांची व्यवस्था गोव्याच्या ख्रिस्ती नोकरांकडे असे. या गोमंतकीय नाविकांना कोकणीत ‘तारवटी’ म्हणतात. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावोगावच्या ‘कुडी’ होत्या. दोन सफरींच्या मधले दिवस ते तेथे काढीत. अधिकारी युरोपियन असत.

याचा अर्थ असा की, एकाच जहाजावर कोकणी मराठी, गुजराती, पंजाबी, पश्तो, गोव्याची कोकणी आणि इंग्रजी अशा निदान सहा भाषा राहत होत्या. त्या माणसांना वादळात एकाच दोराला हात घालावयाचा असे. तेव्हा सर्वांना समजेल अशी एक कामापुरती भाषा अपरिहार्य होती. इंग्रज तिला ‘लष्करी’ म्हणत. टॉमस रोबक याने या भाषेचा इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश १८११ साली कलकत्त्यास प्रसिद्ध केला. १८८२ साली जॉर्ज स्मॉल याने त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. अधिकाऱ्यांनी ही भाषा शिकावी म्हणून विसाव्या शतकातही पुस्तिका छापल्या जात. त्यांपैकी एकीचे नावच ‘मालिम साहिबाची हिंदुस्थानी’ या अर्थाचे आहे.

५. लष्करी भाषेचे घटक

या भाषेचा सांगाडा हिंदुस्थानीचा. तिची वाक्ये बहुतेक आज्ञार्थी आणि दोन-तीन पदांची असत. शब्दसंग्रह मात्र थरांनी बनलेला आहे. भूस्तरशास्त्रज्ञ खडकाच्या थरांवरून काळ ओळखतो, तसा येथे शब्दांवरून सागरी सत्तांचा क्रम ओळखता येतो.

पहिला थर अरबी-फारसीचा. ‘बंदर’, ‘दर्या’ आणि ‘किनारा’ हे शब्द फारसी आहेत. ‘सुकाणू’ हा अरबी ‘सुक्कान’पासून आला, आणि सुकाण्यावरील माणूस ‘सुक्कानी’ झाला. ‘नाखवा’ म्हणजे फारसी ‘नाखुदा’, अर्थात नावेचा धनी. जहाजावरील इंग्रज दुय्यम अधिकाऱ्यास खलाशी ‘मालिम साहेब’ म्हणत. त्याचे मूळ अरबी ‘मुअल्लिम’, म्हणजे शिक्षक, हे आहे. पूर्वी वाट दाखविणाऱ्या दर्यावर्दी जाणकारास ही पदवी होती. खलाशांच्या मुख्यास ‘सारंग’ म्हणत. हा शब्द फारसी ‘सरहंग’, म्हणजे नायक, यापासून आला. त्याच्या हाताखाली ‘तांडेल’ असे. नाखवा, सारंग आणि तांडेल ही तिन्ही नावे आज आपल्या किनाऱ्यावर आडनावे म्हणून नांदत आहेत. त्यांतील ‘सारंग’ हे संस्कृत शब्दाशी जुळत असल्यामुळे त्याचे फारसी मूळ सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा थर पोर्तुगीजांचा. तो विशेषेकरून शिडांच्या नावांत आढळतो. पुढील डोलकाठीच्या शिडास ‘तिरकट’ आणि वरच्या शिडास ‘गावी’ म्हणत. गावी म्हणजे पोर्तुगीज ‘गाव्हिया’. वारा पडून समुद्र निवांत झाला की त्यास ‘कलमरिया’ म्हणत, आणि हा तर सरळ पोर्तुगीज ‘काल्मारिया’ आहे.

तिसरा थर आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. जहाजाच्या दोन बाजूंना लष्करीत ‘डावा’ आणि ‘जमणा’ असे शब्द आहेत. ‘जमणा’ म्हणजे उजवा. तो गुजराती आहे. ‘डावा’ हा मराठी आणि गुजराती या दोहोंत समान आहे. हिंदुस्थानीतील ‘बायाँ’ आणि ‘दाहिना’ या जोडीने येथे शिरकाव केला नाही. नांगर टाकताना किंवा जहाज वळविताना बाजूचा शब्द चुकणे म्हणजे प्राणाशी गाठ. ज्यांच्या तोंडचे शब्द अशा वेळी सर्वांनी स्वीकारले, त्यांचे त्या कामात वजन असले पाहिजे. यावरून लष्करी ही केवळ ‘मोडकी हिंदुस्थानी’ होती, हे जुने मत अपुरे ठरते. तिच्या घडणीत पश्चिम किनाऱ्याचा वाटा होता, आणि तो कामाच्या गाभ्यात होता.

६. नाव आणि जागा

जहाजावर पदाचे नाव हे वर्णनापुरते राहत नाही. ते माणसाचे अन्न, निजण्याची जागा आणि वेतन ठरविते. ‘लष्कर’ हा शब्द पाहा. फारसीत त्याचा अर्थ सैन्य, आणि मराठीतही तोच टिकला. पोर्तुगीजांनी त्यापासून ‘लष्करीम’ हे रूप केले. इंग्रजीत येता येता त्याचा अर्थ ‘आशियाई खलाशी’ असा झाला. पुढे हा शब्द कायद्यात शिरला. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याने नाविकास जहाजावर राहण्यासाठी ७२ घनफूट जागा ठरविली होती. १९०६ साली ती १२० घनफूट करण्यात आली. परंतु ज्याचा करार हिंदुस्थानात ‘लष्कर’ म्हणून झाला असेल, त्यास ३६ घनफूट जागाच मिळे. वेतनही युरोपियन नाविकाच्या वेतनाच्या अंशानेच असे. दोघे तेच जहाज चालवीत, त्याच वादळात भिजत, पण करारावरील एका शब्दाने एकाच्या वाट्याला दुसऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जागा येत असे. अर्थविचाराच्या वर्गात आपण ‘अर्थसंकोच’ ही संज्ञा शिकवितो. येथे अर्थसंकोचाबरोबर माणसाची निजण्याची जागाही आक्रसली.

दुसरे उदाहरण ‘टोपस’ या शब्दाचे. सतराव्या-अठराव्या शतकांत पोर्तुगीज वंशाचा दावा सांगणाऱ्या मिश्र समाजास हे नाव होते. एका मताप्रमाणे त्याचे मूळ ‘दुभाषी’ या शब्दात आहे, तर दुसऱ्या मताप्रमाणे ‘टोपी’ या शब्दात. पहिले मत ग्राह्य धरल्यास, दोन भाषा जाणणारा माणूस असा मूळ अर्थ असलेला हा शब्द जहाजावर स्नानगृहे झाडणाऱ्या नोकराचे पदनाम होऊन बसला. अर्थापकर्षाचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

विलासी जहाजाची सारी रचना ही दोन जगे एकमेकांच्या नजरेआड ठेवण्यासाठी केलेली असते. जिने वेगळे, भोजनाच्या वेळा वेगळ्या, आणि नावेही वेगळी. प्रवाशाच्या दृष्टीने जेवणघरातील चाळीस वर्षांचा गृहस्थही ‘बॉय’ असे. त्याच जहाजावरचा सारंग खलाशांची भरती करी, त्यांची भांडणे मिटवी, वेळप्रसंगी कर्ज देई, आणि गावाकडे त्यास मानाचे स्थान असे. प्रवाशाला मात्र तो शिटी वाजविणारा एक वयस्क माणूस एवढाच दिसे.

७. बंदर : पाहण्याचे आणि राबण्याचे

बंदरांच्या बाबतीतही हीच द्विधा स्थिती दिसते. मुंबईहून निघालेले टपाल-जहाज एडन, सुएझ, पोर्ट सैद अशा टप्प्यांनी युरोपास जाई. प्रवाशाच्या दृष्टीने पोर्ट सैद म्हणजे बाजार, आणि डेकवर येऊन कोंबडीची पिले गायब करणारे ‘गली-गली’ जादूगार. खलाशाच्या दृष्टीने तेच बंदर म्हणजे कोळसा भरण्याचा दिवस. अंगावर, कपड्यांवर, अन्नावर कोळशाची भुकटी, आणि ती धुऊन डेक पुन्हा पांढरा करण्याचे काम. इंग्लंडच्या धक्क्यावर जहाज लागले तरी कराराच्या अटींमुळे ‘लष्करा’स तेथे नोकरी सोडून राहता येत नसे. त्याला परत हिंदुस्थानात पोहोचविण्याची जबाबदारी मालकावर असे. प्रवासी बंदरात उतरे, तर खलाशी बंदरात असूनही जहाजावरच असे.

आपल्या कोकण किनाऱ्यावरील आगबोटींचे जीवन यांहून निराळे होते. मुंबईहून गोव्यापर्यंत जाणाऱ्या बोटी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडल्या. अखेरच्या बोटींपैकी ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावे अनेकांच्या स्मरणात असतील. बहुतेक बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून ने-आण करावी लागे. लाटेवर वर-खाली होणाऱ्या पडावातून बोटीच्या जिन्यावर पाय ठेवणे, हे लहान मुलांना आणि वृद्धांना एक दिव्यच असे. येथे उतारू आणि खलाशी एकच भाषा बोलत. पुष्कळदा ते एकाच गावचे असत.

या बोटींनी मराठीस दिलेला एक वाक्प्रचार लक्षात घेण्याजोगा आहे. ‘बोट लागली’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : बोट धक्क्यास लागली, आणि एखाद्यास समुद्रप्रवासाने मळमळले. दुसऱ्या अर्थी कर्ता बोटच असते आणि माणूस चतुर्थीत येतो : ‘त्याला बोट लागते.’ ऊन, थंडी, दृष्ट ही जशी माणसास लागतात तशीच बोटही लागते. पुढे याच नमुन्यावर मराठीने ‘गाडी लागणे’ हा प्रयोग रूढ केला. शिवाय हाताचे ‘बोट’ नपुंसकलिंगी आणि पाण्यावरची ‘बोट’ स्त्रीलिंगी, असा भेद भाषेने आपोआप केला. ‘नाव’ आणि ‘होडी’ यांच्या लिंगाने परक्या शब्दास आपल्या पंक्तीस बसविले.

८. शब्द चुकल्यास

कोणास वाटेल की, हा सारा जुन्या शब्दांचा संग्रह आहे, आजच्या जहाजांशी त्याचा संबंध नाही. वस्तुस्थिती तशी नाही. ७ एप्रिल १९९० च्या रात्री नॉर्वे व डेन्मार्क यांमध्ये चालणाऱ्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी जहाजास आग लागली आणि १५९ माणसे दगावली. हे जहाज पूर्वी क्रूझ म्हणून वापरात होते. त्यावरील नोकरवर्ग अनेक देशांचा होता, पुष्कळांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि प्रवाशांनाही त्यांचे सांगणे समजत नव्हते. या दुर्घटनेनंतर जहाजावरील भाषेचा प्रश्न आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेपुढे निकडीने आला. २००१ साली संघटनेने सागरी संभाषणाची प्रमाण वाक्ये स्वीकारली. ही वाक्ये इंग्रजीत असून मुद्दाम नियंत्रित केलेली आहेत : शब्द थोडे, अर्थ एकेरी, रचना ठराविक.

लष्करी भाषेनेही हीच गरज भागविली होती. भेद एवढाच की, ती समितीने घडविलेली नव्हती. डेकवर, शतकानुशतके, निरक्षर माणसांनी ती घडविली होती. २०२४ साली सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या क्रूझवर प्रत्येक खोलीत दोघे धरल्यास सुमारे ५,६०० प्रवासी राहतात, आणि त्यांच्या सेवेस २,३५० कर्मचारी असतात. अशा जहाजावर इंग्रजी ही कामाची भाषा असली तरी कर्मचाऱ्यांच्या मजल्यावर, भोजनगृहात, विश्रांतीच्या वेळी कोणती मिश्र भाषा चालते, याचा शोध अद्याप घ्यावयाचा आहे. अलीकडे मुंबईहूनही भारतीय कंपनीच्या क्रूझ सुटू लागल्या. गोव्याकडे जाणारा सागरी मार्ग श्रीवर्धनच्या समोरून जातो, पण तेथील जीवना बंदरात या जहाजांना काही काम नाही.

९. पुढील कार्याची दिशा

मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) जहाजासंबंधीचे पुष्कळ शब्द आहेत, परंतु ते प्रामुख्याने देशी गलबतांचे आहेत. वाफेच्या आणि तेलाच्या जहाजांवर काम केलेल्या मराठी भाषकांचा शब्दसंग्रह कोणत्याही मराठी कोशात एकत्र नाही. हे शब्द ज्यांनी कामात वापरले, ती पिढी आता वृद्ध झाली आहे. सारंगाच्या हाताखाली शिकलेला खलाशी गेला की त्याच्याबरोबर दोरांची, गाठींची, वाऱ्यांची नावे आणि आज्ञांचा स्वरही जातो. स्वर तर कोणत्याही कोशात सापडावयाचा नाही.

तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे असे एक काम येथे सुचवावेसे वाटते. श्रीवर्धन, म्हसळे, मुरूड आणि सावित्रीपलीकडील बाणकोट-वेसवी या पट्ट्यांतील निवृत्त नाविकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. शब्दांची यादी पुढीलप्रमाणे विभागावी : पदनामे, जहाजाचे भाग, दिशा व बाजू, दोर व गाठी, वारा व हवामान, भोजन, आणि आज्ञा. प्रत्येक शब्द कोणाकडून, कोणत्या विभागात आणि कोणत्या वर्षी शिकला, हे आवर्जून विचारावे. त्यामुळे रोबकने १८११ साली नोंदविलेल्या शब्दांपैकी कोणते विसाव्या शतकापर्यंत आले, हे ठरविता येईल. ‘डावा-जमणा’ ही जोडी येथील नाविकांच्या तोंडी कितपत टिकली, की ‘पोर्ट-स्टारबोर्ड’ने तिची जागा घेतली, हा पहिला प्रश्न असावा.

याचबरोबर घरी राहिलेल्या स्त्रियांची बोलीही नोंदवावी. वर्ष-वर्ष दूर असणाऱ्या माणसाची पत्रे, त्याने आणलेल्या वस्तू आणि त्याने सांगितलेल्या बंदरांची नावे यांच्याद्वारे जहाजाचे शब्द माजघरापर्यंत पोहोचले असणार. ते तेथे कोणत्या उच्चाराने आणि कोणत्या अर्थाने स्थिरावले, याची तपासणी केल्यास कोकणी मुसलमानांच्या बोलीच्या इतिहासावर नवा प्रकाश पडेल. मुलाखतीसाठी घरी जाताना प्रश्नावली सोबत न्यावी, परंतु आरंभ तिने करू नये. प्रथम जहाजाचे नाव विचारावे. नाविकाला आपल्या जहाजांची नावे क्रमाने पाठ असतात, आणि एकदा तो क्रम सुरू झाला की शब्द पाठोपाठ येतात.